चालतंय की, आण्णा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असं ती अजून समजते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. तरी सांगतो.

मी ड्रायव्हर. कोपरगावचे आमचे आण्णा ऊस वाहतुकीचे ठेकेदार. त्यांची जीप मी अकरा वर्षं चालवली. जीप रस्त्यात बंद पडायची, आण्णा स्वतः उतरून धक्का मारायचे आणि वर हसायचे. मग नव्वदनंतर दिवस पालटले, आण्णांनी मुंबईहून विलायती गाडी आणली. काळी, लांबलचक. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे. पूजेचा नारळ मी फोडला, चाकाखाली लिंबं मी ठेवली. मला वाटलं — वाटणारच ना? — चावी माझ्याच हातात पडणार.

चावी जाधवला मिळाली.

जाधव कर्जतकडचा, पुण्यात एका मोठ्या साहेबाची अशीच गाडी चालवलेला. ह्या गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे, म्हणून माहीतगार माणूस पाहिजे म्हणे. आण्णांनी त्याला गोडाऊनमागची खोली दिली, तो बायको आणि दोन पोरी घेऊन राहायला आला. थोरली दहावीत. आण्णा त्याला "अहो जाधव" म्हणायचे. मला अकरा वर्षं "ए किसन्या". तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. तो पांढराशुभ्र शर्ट घालून गाडी पुसत असायचा आणि इकडं माझ्या अंगाचा तिळपापड. दुपारी माझ्याशेजारी डबा उघडायचा, त्यातली भाजी आधी मला वाढायचा — त्याचासुद्धा राग. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

आता आण्णांचं सांगतो. गाडी एवढी महागाची, म्हणजे ती बंद पडणारच नाही, ही त्यांची ठाम समजूत. बाजारात चारचौघांना सांगून बसले होते, "हिला वरीसभर पाना लावायचं काम न्हाई." जाधव हळूच म्हणायचा, "आण्णा, हिलाबी धूळ बाधती, खड्डे बाधत्यात. जपावं लागतं." ते आण्णांना रुचायचं नाही. महागाच्या वस्तूत खोट नसतेच, तर मग काही झालं की खोट कुणात? माणसात. हे मी फार आधी ओळखलं होतं.

एकदा जाधवनं गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडून मला त्यातलं चित्र दाखवलं. "किसनराव, ध्यानात ठेवा. ही कुठं बंद पडली तर चाकावर वढायची न्हाई. गिअरबॉक्स आतल्या आत जळतो. ट्रकवर चढवूनच न्यायची." मी मान हलवली. मनात म्हटलं, आला मोठा शिकवणारा. पण लक्षात राहिलं. शब्द न् शब्द राहिला.

उसाचा हंगाम चालू होता. आण्णांच्या मुलीचा साखरपुडा शेवगावला. पुढं गाडीत आण्णा आणि जाधव. मागं जीपमध्ये मी, आण्णांचा पुतण्या, बायका आणि पेढ्यांचे खोके. नेवाशाच्या अलीकडं भर दुपारी गाडी थांबली. जाधवनं बघितलं — पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज उडालेला, अगदी किरकोळ काम. तासाभरात आणतो म्हणाला आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर नेवाशाला गेला.

उसाचे ट्रॅक्टर जात होते. जो तो वेग कमी करून बघायचा. एकानं विचारलंच, "शेट, धक्का मारू का?" आण्णांचं तोंड एवढंसं झालं. व्याह्यांच्या दारात ही गाडी उभी राहायला पाहिजे होती, आणि वेळ तर टळत चाललेली. तेवढ्यात कारखान्यावरून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. आण्णा माझ्याकडं वळले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला काही विचारलं.

"किसन, वढत नेली तर चालंल का?"

किसन्या नाही — किसन. आणि मला सगळं आठवत होतं. चित्र आठवत होतं, चित्रावर ठेवलेलं जाधवचं बोट आठवत होतं.

"चालतंय की, आण्णा," मी म्हणालो. "आपली जीप किती येळा वढली."

जीप पुतण्यानं घेतली, आण्णा तिच्यातून पुढं गेले. दोर बांधला. विलायती गाडीच्या सीटवर मी बसलो — पहिल्यांदाच. इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि तरी मी खूश होतो, तुम्हाला खोटं कशाला सांगू? अर्ध्या वाटेत जळका वास यायला लागला. ट्रॅक्टरवाल्याला हाक मारता आली असती. मी नाही मारली.

दिवस मावळायच्या आत जाधव एसटीनं शोधत शोधत शेवगावला पोचला. फ्यूज बसवला. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. पाव्हणे, व्याही, सगळे बघायला जमलेले — आणि गाडी जागची हलेना. जाधव खाली वाकला, उठला आणि एवढंच म्हणाला, "वढून आणली?"

आण्णांचा आवाज चढला. "वढायची न्हाई, हे आदी सांगाया काय झालं हुतं?"

"किसनरावांना सांगितलं हुतं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिथं तरी मी खरं बोलायचं ना? आण्णा चिडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या. काढलं असतं मला? कदाचित. मी म्हणालो, "मला कुनी काय सांगितलं न्हाई."

जाधवनं हात पुसले आणि गाडीचं बॉनेट लावलं. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर आणखी चार खोट्या गोष्टी मी मनात तयार ठेवल्या होत्या.

आण्णांनी त्याला त्याच आठवड्यात काढलं, खोली खाली करायला लावली. वर जिथं तिथं सांगत सुटले की ह्यानं माझी गाडी जाळली. मग तालुक्यात त्याला कोण ठेवतंय? जायच्या सकाळी जाधवची बायको आमच्या दारात आली. मी काय केलं ते तिला कळलेलं होतं, नक्कीच. पण गावात तिची दुसरी ओळख कुठली? माझ्याकडं न बघता ती माझ्या बायकोला म्हणाली, "थोरलीची परीक्षा मार्चात हाय, ताई. तेवढी तुमच्यात राहू द्या. तिचं पीठ-मीठ आमी धाडत जाऊ."

बायको हो म्हणणारच होती. मी आतूनच म्हणालो, "जागा न्हाई."

जागा होती. मागची खोली रिकामी पडलेली होती. ती पोरगी रोज डोळ्यांसमोर नको होती मला, बस.  बायकोला वाटलं मी कंजूष आहे. तसंच वाटू दिलं. पोरगी परीक्षेला बसली का नाही, मी कधी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी गाडी पुण्याहून दुरुस्त होऊन आली आणि आण्णांनी चावी माझ्या हातावर ठेवली. शिकायला मला अर्धा दिवस लागला. पुढं सहा वर्षं चालवली. मजेत चालवली.