ताण मोडला का, सर?

जानेवारीची सुरुवात. प्रताप नगरातल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर, चहाच्या टपरीवर उभी होते... पर्समध्ये नव्याकोऱ्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा.

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कान तपासणारी, आणि बोलायला उशीर लावणाऱ्या मुलांना बोलतं करणारी. हुडकेश्वरला स्वतःचं क्लिनिक टाकलं होतं आणि तिथे दिवसभर माझ्या सोबतीला फक्त पंखा असायचा. अशी मुलं आधी बालरोगतज्ज्ञांकडे जातात. त्यांनी पाठवली तर आमचं दुकान चालणार... नाहीतर बॅग भरायची आणि परत पुण्याची नोकरी.

या डॉक्टरांकडे मी आधीही जाऊन आले होते. औषध कंपन्यांच्या लोकांबरोबर बाकावर बसायचं, नंबर लागला की पाठ केलेलं भाषण म्हणायचं. डॉक्टर "हो हो, नक्की" म्हणायचे आणि कार्ड पेनस्टँडमध्ये खोचायचे. तिथे आधीच कार्डांचं रान माजलेलं.

त्या दिवशी मात्र ओपीडी संपवून ते स्वतःच टपरीवर आले. फोनवर गावाकडच्या कुणाशी तरी चालू होतं... "आता काय सांगू तुले, अर्ध्या बागेचा ताण मोडला! बाबाजी तिथंच बसून होते गा!"

माझं आजोळ नरखेड तालुक्यातलं. संत्र्याच्या झाडांचं पाणी काही आठवडे तोडतात, झाड चांगलं तहानलं की मग फुलावर येतं... त्याला ताण देणं म्हणतात. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते आणि बहार हातचा जातो. ते फोन ठेवतायत तोवर माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ताण मोडला का, सर?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तिकडच्या का?" मग काय... विहिरी, डिंक्या रोग, मृग बहार बरा की आंबिया, चहा संपून दुसरा आला. कार्ड पर्समध्येच राहिलं.

बोलता बोलता खरी गोष्ट निघाली. दुपारी विजेची लाइन आली आणि शेतातली मोटर आपोआप सुरू झाली. पाणी पाइपातून टाक्यात, टाक्यातून थेट बागेत... आणि बाबाजी, म्हणजे डॉक्टरांचे वडील, तिथंच झाडाखाली बसलेले. शेवटी शेजाऱ्याने धावत येऊन मोटर बंद केली.

"बाबाजी आजकाल सगळंच भुलून राहिले," डॉक्टर म्हणाले. "बाग ठेक्यानं देऊन टाकतो यंदा, अन् त्यायले घेऊन येतो इकडे."

टाक्यात पाणी पडतं तेव्हा आवाज शेजारच्या शेतात जातो. शेजाऱ्याला तो ऐकू आला... आणि झाडाखाली बसलेल्या माणसाला नाही?

आता आली का पंचाईत! बोलावं तर त्यांना वाटणार, आली बया गिऱ्हाईक शोधत. जमलेल्या गप्पांवर आपल्याच हाताने पाणी. न बोलावं तर त्या माणसाची बाग जाणार, आणि तीही भलत्याच कारणासाठी.

"सर, ते विसरले नसतील," मी शेवटी म्हटलं. "त्यांना ऐकू आलं नसेल. कान तपासून घ्या... कुठेही घ्या, माझ्याकडेच आणा असं नाही."

त्यांचा चेहरा एकदम पुन्हा ओपीडीतला झाला. "बघू," म्हणाले, कप ठेवला आणि गेले. घरी जाताना स्कूटरवर मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढच्या रविवारी बापलेक माझ्या क्लिनिकच्या दारात! काकाजी, म्हणजे डॉक्टरांचे बाबाजी, घुश्शात. "मले सगळं ऐकू येते. लोकंच आजकाल हळू बोलून राहिले."

मी मशीनला हातही लावला नाही. आधी संत्र्यांच्या गप्पा. समोर बसून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला काकाजींनी बरोबर उत्तर दिलं... पण नजर सारखी माझ्या ओठांवर. मग मी पंखा बंद करायला उठले आणि पाठमोरी असतानाच विचारलं, "काकाजी, विहिरीला पाणी किती आहे यंदा?"

वळून पाहिलं तर काकाजी निवांत भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते... आणि डॉक्टर काकाजींकडे.

तपासणी केली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. मी समोर बसून सावकाश सांगितलं.

"म्हणजे मी भुललो नव्हतो?"

"नाही काकाजी. मोटर तुम्हाला ऐकूच आली नव्हती."

"मले वाटे, डोकंच गेलं माहं... म्हणून कोणाले बोललो नाही." डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मलाही भरून आलं, कशाला लपवू.

कानाची मशीन बसली. बाग ठेक्याने द्यायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. डॉक्टर आता मुलं पाठवतात. टपरीवर भेट झाली की आधी बागेची खबर, मग एखाद्या मुलाबद्दल. कार्ड त्यांनी कधी मागितलं नाही, मीही दिलं नाही... त्या चहाचे मात्र फार उपकार आहेत माझ्यावर.

त्या जानेवारीच्याच अखेरीला दुपारी काकाजींचा फोन आला. "ऐक वं पोरी..." आणि पुढे नुसता आवाज. टाक्यात पडणाऱ्या पाण्याचा. उरलेल्या अर्ध्या बागेचा ताण पुरा झाला होता आणि पाणी त्यांनी स्वतः सोडलं होतं.

फोन बंद करायचं मात्र काकाजी खरंच विसरले. मीही केला नाही... दारात पेशंट येईपर्यंत ऐकत बसले.