विल्यमच्या आत्याचे धपके

आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट: माझ्या मुलाचं नाव विल्यम ठेवायची सक्ती इंग्लंडच्या सरकारनं केली नव्हती. मी केली होती.

फोनकार्डावर घरी बोलायचे दिवस होते ते. बारशाला पुण्याहून माझी मोठी बहीण आमच्याकडे, लंडनजवळच्या मेडनहेडला आली. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं मनाशी एक पक्कं करून आणलं होतं आणि पाळण्याजवळ जाईपर्यंत ते कुणाला सांगणार नव्हती. इकडे ऑफिसात माझ्या नावाचा रोज चोथा व्हायचा. पोराचं तसं होऊ नये, म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "ताई, इथं नोंदणीला इंग्रजीच नाव लागतं. नियम आहे. विल्यम ठेवू या." बायकोला सांगितलं, विल्यम ताईनंच सुचवलंय. पुढे नोंदणीला गेलो, तेव्हा रजिस्ट्रारबाईंनी मला फक्त स्पेलिंग विचारलं.

विल्यम ऐकून ताई म्हणाली, "अर्थ तरी काय रे त्याचा?"

तो मी इंटरनेटवर बघून ठेवला होता. "जुनं जर्मानिक नाव आहे. विल म्हणजे इच्छा, हेल्म म्हणजे शिरस्त्राण."

"म्हणजे हेल्मेट घालायची इच्छा? अरे, पुण्याचं पोर ना हे!"

दोघंही हसलो. मला जरा जास्तच हसू आलं, सुटल्याचं. दुसऱ्या दिवशी तिनं बाळाच्या कानात विल्यम म्हटलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी तिच्या पाठीत रीतसर धपके घातले. तिनं न निवडलेल्या नावाचे.

आता तो शाळेत जातो. वर्गात आणखी दोन विल्यम आहेत, म्हणून बाई आमच्या विल्यमला आडनावानं हाक मारतात. आता रोज आडनावाचा चोथा होतो.

पुण्यात कुणी नाक मुरडलं की ताई ऐकवते, "तिथला कायदाच आहे तसा. आणि अर्थ किती भारदस्त आहे, माहितीये का?" मग इच्छा आणि शिरस्त्राण समजावून सांगते. इच्छा माझी होती. शिरस्त्राणाचं काम इतकी वर्षं ती करतेय.

तिनं कोणतं नाव आणलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी खरं सांगावं लागेल. तिला खरं सांगणं आणि तिनं आणलेलं नाव ऐकून घेणं, एवढं मी तिचं देणं लागतो.