पद्माकरची सरळ रेघ

माझ्या नवऱ्याला वाकडं काही खपत नाही. भिंतीवरची फ्रेम जराशी कलली तर पद्माकर जेवता जेवता उठून ती सरळ करतो. आकड्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. बार्शीला त्याच्या वडिलांची तेलाची मिल होती. सरकी आणि शेंगदाण्याच्या पेंडीच्या वासात हा वाढला, पुण्याला स्टॅटिस्टिक्स शिकला आणि मेलबर्नला येऊन पुन्हा पेंडीवरच पोट भरायला लागला. इथे मात्र पेंड त्याच्या डोळ्यांसमोर कधी आली नाही. एका सल्लागार कंपनीत त्याच्यासमोर आले ते फक्त टनांचे आकडे.

त्याची दुसरी खोड म्हणजे फोन. वीस वर्षं या देशात काढली, मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकला घर बांधलं, सिटिझन झाला, पण अनोळखी नंबर दिसला की अजून विंचवाकडे बघावं तसा फोनकडे बघतो. गावाकडच्या ऑस्ट्रेलियन माणसांचं बोलणं त्याला फोनवर धड कळत नाही, आणि 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटते. म्हणून सगळं ईमेलवर. मी फार्मसीत दिवसभर तसल्याच माणसांशी बोलते, त्यामुळे मला त्याची गंमत वाटायची. चारचौघांत चिडवायचेसुद्धा.

२०१८ मध्ये त्याच्याकडे एका छोट्या बेटाचं काम आलं. टास्मानियाच्या बाजूचं बेट, थोडीशी वस्ती आणि दुधाच्या गायी. गायींसाठी पेंड जहाजाने येते. गेल्या वीस वर्षांत किती आली, पुढे किती लागेल आणि धक्क्यावरचं पेंडीचं मोठं गोदाम ठेवायचं की मोडायचं, एवढंच सांगायचं होतं. पद्माकरने आकडे मांडले. रेघ सुरेख निघाली, दर वर्षी थोडी थोडी खाली येणारी. फक्त तीन वर्षांची आयात एकदम दुप्पट दिसत होती. कारकुनाने चुकून दोनदा लिहिली असणार, असं ठरवून त्याने ती तिन्ही वर्षं अर्धी केली. रेघ सरळ झाली. गोदामाची गरज नाही, महिनाभराचा साठा पुरे, असं त्याने रिपोर्टात लिहिलं.

मसुदा बेटावर गेला तेव्हा तिथल्या ग्लेनिस नावाच्या बाईने ऑफिसच्या नंबरवर निरोप ठेवला. तिची स्वतःची अडतीस गायींची डेअरी होती. पद्माकरने तो निरोप तीनदा ऐकला आणि लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला.

"नीलिमा, जरा ऐकतेस का? ही बाई काय म्हणतेय कळतच नाहीये."

मी नऊ तास उभी राहून शिफ्टवरून आले होते. गॅसवर आमटी उकळत होती.

"आत्ता नको रे. उद्या ऐकते."

तो उद्या आलाच नाही. पुन्हा विचारायला तो लाजला आणि मी विसरले. रिपोर्ट मंजूर झाला, गोदाम मोडलं.

मग २०२० आलं. पद्माकरचं ऑफिस आमच्या डायनिंग टेबलावर आलं. एप्रिलमध्ये जेवताना रेडिओ चालू होता. त्या बेटाकडे जाणाऱ्या जहाजावरचे लोक आजारी पडले होते, सहा आठवडे फेऱ्या बंद होत्या. त्यातच तिथे पाऊस लांबला होता, कुरणं वाळली होती आणि धक्क्यावर पेंडीचा कण नव्हता. बऱ्याच जणांनी गायी बेटावरच्याच कत्तलखान्याला विकल्या, ग्लेनिस नावाच्या शेतकरीण बाईंनी तर सगळ्याच, असं बातमीत सांगितलं. पद्माकरच्या हातातला घास तसाच राहिला.

त्याने जुना निरोप शोधून काढला. यावेळी मी लगेच बसले. मला एका झटक्यात सगळं कळलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती म्हणत होती, "ती तीन वर्षं खरी आहेत. त्या तिन्ही वर्षी पाऊस लांबला होता, म्हणून आम्ही गोदाम दोनदा भरलं. गोदाम मोडू देऊ नका. मला फोन करा."

पद्माकरने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाला, "पाऊस लांबला की बाबा पेंड बाहेरगावी विकायची थांबवायचे. गावातल्या गुरांसाठी गोदाम भरून ठेवायचे. मला हे माहीत होतं गं. लहानपणापासून माहीत होतं."

"तिला फोन कर," मी म्हटलं.

"करतो."

केला नाही. लॉकडाऊन उठला, पुन्हा लागला, पुन्हा उठला. मी विचारलं की म्हणायचा, कोणत्या तोंडाने करू? मला राग यायचा आणि लगेच ती आमटी आठवायची. मग मीही गप्प बसायचे.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्याची ऑनलाइन मीटिंग चालू होती. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. मॅनेजर खुशीत होता. त्या बेटाच्या पेंडीची नवी आयात पद्माकरच्या अंदाजाशी बरोबर जुळली होती. "स्पॉट ऑन, मेट!" तो म्हणाला. स्क्रीनवर सगळ्यांनी अंगठे दाखवले.

पद्माकर म्हणाला, "इट मॅच्ड बिकॉज द काउज आर गॉन."

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, हा विनय आहे. मीटिंग पुढच्या विषयावर गेली.

त्याने लॅपटॉप मिटला, फोन उचलला आणि माझ्यासमोर नंबर लावला. स्पीकर चालू ठेवला, अडलं तर मी असावं म्हणून. पलीकडून ग्लेनिसचा आवाज आला. त्याने नाव सांगितलं, कामाचं सांगितलं.

"म्हणजे माझी तीन वर्षं अर्धी करणारा तूच," ती म्हणाली.

"हो. चूक माझीच होती. आय अ‍ॅम सॉरी."

मागे कुठे गाय हंबरली नाही, कुत्रं भुंकलं नाही. मग तिने विचारलं, "मी निरोप ठेवला होता. तू फोन का नाही केलास?"

मला वाटलं, आता तो काहीतरी ऑफिसचं कारण देईल. पण त्याने खरं ते सांगितलं. "तुमचं बोलणं मला समजलं नव्हतं. पुन्हा विचारायची लाज वाटली."

यावेळी तिचं बोलणं त्याला समजलं. मला मध्ये पडावं लागलं नाही.

"अरे, एवढंच होतं?" ती म्हणाली. "मी हळू बोलले असते."