ओलेत्याचा नवस आणि आग्याचा मध

कमलला जळकोटला नांदायला येऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेले चार महिने तिचं नांदणं गोठ्याच्या पडवीतल्या एका बाजेपुरतं उरलं होतं. कमरेला, लुगडं खोचतात नेमकं तिथं, गजकर्ण उठलं होतं. आधी रुपयाएवढं, मग बांगडीएवढं. गंधक खोबरेल तेलात खलून लावून झालं, टाकळ्याचा पाला झाला, नळदुर्गच्या दवाखान्यातलं मलम झालं. आठ दिवस दबायचं, पुन्हा वर यायचं.

सासूनं, सिताबाईंनी, तिला चूल बंद केली, पाण्याचा माठ बंद केला. तेही तिनं सोसलं असतं. पण दीड वर्षाची तानी तिच्यापासून काढून थोरल्या जावेकडं दिली.

"अंग साफ होईस्तोवर लेकराला शिवायचं न्हाय. पोरीच्या अंगावर डाग उठला तर उद्या तिला करून कोण घेईल?"

नवरा सोलापुरात गिरणीत. महिन्यातून एकदा यायचा आणि "आई म्हणती ते ऐक" एवढं सांगून जायचा. तानी आता जावेलाच 'आई' म्हणायची. बाजेवर पडल्या पडल्या कमलला ते ऐकू यायचं.

सिताबाई दुष्ट नव्हत्या. सुनेसाठी त्यांनीच देवीला नवस बोलला होता: एक्केचाळीस दिवस सून ओलेत्यानं पूजा करील, आणि लुगडं अंगावरच वाळवील. कमलही श्रद्धेची. पहाटे आडावर दोन घागरी डोक्यावर ओतून घ्यायची, निथळत देवीला कुंकू वाहायची आणि तशीच बाजेवर येऊन बसायची. कमरेचे वेढे वाळेपर्यंत दुपार व्हायची.

सतराव्या दिवशी कुलसुमबी आली. तिचा नवरा गफार नळदुर्गच्या किल्ल्याच्या तटावरची आग्या मोहोळं उतरवी, आणि ही बाजाराच्या दिवशी मध विकत घरोघरी फिरे.

"काय गं बेटी, गोठ्यात बसून म्हशींना ओव्या शिकवतीस काय?"

कमलनं पदर बाजूला केला. कुलसुमबीनं वाकून पाहिलं, त्या डागाच्या कडेवरून सरळ बोट फिरवलं. चार महिन्यांत कुणी तिला हात लावला नव्हता.

"आमच्या मालकाच्या काखेत तीन पावसाळे होतं असलं. मधानं गेलं. सकाळ-संध्याकाळ लाव, तासभर वारा लागू दे. पर आधी अंग कोरडं पायजे. हे दुखणं ओलीवर जगतंय. तू तर रोज त्याला पाणी घालतीस!"

"नवस हाय, मावशी. अजून चोवीस दिवस."

"मग घाल चोवीस दिवस पाणी." कुलसुमबी फणकाऱ्यानं उठली. पण बाटली मात्र बाजेखाली ठेवून गेली.

नवस पाळावा तर डाग हटत नाही, डाग हटत नाही तोवर तानी मिळत नाही. नवस मोडावा तर सिताबाई कमललाच दारात उभं करणार नाहीत. तीन दिवस कमल बाटलीला हात न लावता नुसती बघत राहिली. चौथ्या पहाटे आडावर तिनं पुढं वाकून केस आणि पदर तेवढे भिजवले. कमरेला थेंब लागू दिला नाही. सिताबाईंनी निथळते केस पाहिले आणि त्या माळ ओढू लागल्या. कमलनं देवीच्या डोळ्यांकडं न बघता कुंकू वाहिलं.

पहिल्याच दिवशी कमरेला लावलेल्या मधाला मुंग्या आल्या. मग तिनं बाजेचे चारी पाय पाण्यानं भरलेल्या करवंट्यांत ठेवले. कुशीवर पडून राहायचं, हलायचं नाही, उतरायचं नाही. अंगणात तानी दुडूदुडू चालायची, पडायची, रडायची. कमल चार करवंट्यांच्या मधे डोळे मिटून पडलेली.

कडांची लाली ओसरली. खाज गेली. एक्केचाळिसाव्या दिवशी सिताबाईंनी तिला दाराच्या उजेडात नेऊन कंबर निरखली. फिकट तपकिरी सावली तेवढी राहिली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पावली गं माझी आई!" त्यांनी स्वतः जाऊन तानीला आणलं आणि कमलच्या मांडीवर ठेवलं. पोरगी आधी जावेकडं झेपावली, मग मंगळसूत्राशी खेळत बसली.

"आता उतराई म्हणून पाच मंगळवार अजून ओलेत्यानं," सिताबाई म्हणाल्या. "आन् तानीलाबी संगं ओलेत्यानंच देवीपुढं बसवायची. तिला कधी लागू नये म्हणून."

स्वतःपुरतं असतं तर कमल गप्प बसली असती.

"आत्याबाई, म्या एकवीस दिवस ओलेत्यानं केलं न्हाय. नुसते केस भिजवत हुते. अंग कोरडं ठेवून कुलसुमबीचा मध लावला."

सिताबाईंच्या हातातली माळ थांबली. "देवीला फशिवलंस?"

"व्हय."

"ह्याचं पाप कुणाच्या डोक्यावर?"

"माझ्या. पर तानीला भिजवणार न्हाय. आन् परत देणारबी न्हाय."

सिताबाईंनी पोरीला हात घातला नाही. त्या उठल्या आणि देवघराचं दार लोटून घेतलं.

चूल मोकळी झाली, पाणी मोकळं झालं, तानी रात्री आईजवळ निजू लागली. पण ते दार कमलसाठी उघडलं नाही. रोज सकाळी तानीला कडेवर घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. आत घंटी वाजायची, फटीतून उदाचा वास यायचा. तेवढ्यावर ती एका हातानं नमस्कार करायची.