मींडेची कमान

बारामतीत साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला तात्यांची वरकुटे गावातली खोली आठवते. तात्या माझे वडील आणि गाण्यातले गुरू. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, फक्त ‘न्हाय’ उरलं.

वासामुळं खिडकी बंद असायची आणि आत आम्ही दोघं कोंडलेले. त्यांच्या बंदिशी छापायच्या म्हणून मी संगणकावर स्वरलिपीच्या चिन्हांचा फॉन्ट करत होते. स्वरावरून स्वरावर घसरणाऱ्या मींडेची कमान काही जमेना.

"अशी का, तात्या?"

"न्हाय."

"अशी?"

"न्हाय!"

"मग कशी, दावा की!" मी रडकुंडीला आले.

त्यांनी डाव्या हाताचं बोट चादरीवरून सावकाश ओढलं. मी ती रेघ तशीच उतरवली.

पुस्तक निघालं तेव्हा तात्या नव्हते. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांनी माझी चूक दाखवली. आता वाटतं, ते गात होते.