त्याच्या अकरा सिगारेटी, तिची एक

"मॅडम, ये औरत को फाँसी क्यूँ?" हानीने विचारलं.

हानी आमच्याकडे अरबी सबटायटल्स लिहितो. इजिप्तचा आहे, माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलतो. मी कुवेत सिटीतल्या एका खासगी चॅनेलवर कम्प्लायन्स एडिटर आहे. म्हणजे, घरात सगळ्यांसोबत बघताना अवघड वाटेल असं काही सिनेमात असेल, तर ते दाखवण्याआधी काढून टाकायचं. काय काढायचं याची यादी वरून येते. तिला कट लिस्ट म्हणतात. चौदा वर्षं मी हेच करते आहे.

सिनेमा हॉलिवूडचा, फार जुना, ब्लॅक अँड व्हाइट. बँकेतला एक विवाहित कारकून आणि त्याची मैत्रीण दरोडा घालतात. गोळी तो झाडतो. पहारेकरी मरतो. गुन्हेगाराला शिक्षा झालेली दिसलीच पाहिजे, असा तेव्हा तिथे नियम होता. त्यामुळे शेवटी दोघंही मरतात. पण तो मरतो बायकोच्या मांडीवर. ती त्याला माफ करते, पाद्री डोक्यावर हात ठेवतो, व्हायोलिन वाजतं. मैत्रिणीला फाशी होते. भिंतीवर नुसती सावली दिसते.

"फाशी का म्हणजे? दरोड्यात होती ना ती," मी म्हटलं.

"लेकिन अभी लगता है, गोली ये औरत ने मारा."

मी टाइमलाइन उघडली. हानीचं बरोबर होतं. "पिस्तूल नेऊ नकोस," असं ती त्याला विनवते, तो सीन मी कापला होता, कारण तिचे खांदे उघडे होते. तुरुंगात ती वकिलाला विचारते, "गोळी त्याने झाडली. त्याच्यासाठी सगळे रडले. माझं काय?" तोही सीन गेला होता, कारण तिच्या हातात सिगारेट होती. उरली होती ती फक्त वाईट बाई.

मग मी त्या कारकुनाच्या सिगारेटी मोजल्या. अकरा. लिस्टमध्ये एकही नव्हती.

मी लिस्ट घेऊन आमच्या प्रोग्रामिंग हेडकडे गेले. मिस्टर फादी लेबनॉनचे, माणूस सभ्य.

"तो पुरुष आहे, मेघना. जुन्या सिनेमात पुरुष सिगारेट ओढतातच."

"तीही जुन्याच सिनेमातली आहे, सर."

त्यांनी लिस्ट माझ्याकडे परत सरकवली. "उद्या दुपारी फाइल द्यायची आहे. खांदे दिसता कामा नयेत. सिगारेटही."

"दिसणार नाहीत. पण वाक्यं राहतील."

"बघ, जमतंय का."

मी दोन्ही सीन परत घेतले आणि फ्रेम मोठी करत तिच्या चेहऱ्यावर नेली. खांदे खाली गेले, सिगारेट बाहेर. जुनी प्रिंट, त्यामुळे चित्र भुरकट झालं. आवाज मात्र स्वच्छ होता. फादींनी दोन्ही सीन बघितले आणि सही केली. हानीने तिची सबटायटल्स परत लावली.

माझं समाधान फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या नोंदी काढून बसले. तशाच एका गुन्हेपटात एक नर्स नवऱ्याला विष देते. तो तिला काय करत होता, हे ती कोर्टात सांगते. चार मिनिटांची जबानी. ती मी कापली होती. वरून आलेल्या लिस्टमध्ये ती नव्हती. माझी मीच कापली होती. कारणाच्या रकान्यात माझ्याच हाताने लिहिलं होतं: अनावश्यक.

फादींना विचारलं, मूळ प्रत मिळेल का?

"ती वितरकाकडे परत गेली. आपल्याकडे तू कापलेलीच आहे."

तो सिनेमा अधूनमधून दुपारी लागतो. नर्स कोर्टात उभी राहते, आणि पुढच्याच क्षणी न्यायाधीश शिक्षा सुनावतो. आजवर एकाही प्रेक्षकाने तक्रार केलेली नाही. आमच्या धंद्यात याला चांगलं एडिटिंग म्हणतात.