ब्रेकमास्तर मांडी घालतात

गाडी शिकवण्यात ब्रेकमास्तरांची हयात गेली होती, आणि त्यांचा राग त्या धंद्याहूनही जुना होता. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाकीचे मास्तर तो अडीनडीला वापरतात. हे मात्र लांबवर मांजर दिसलं तरी करकचून दाबायचे, आणि मग तोंडाचा पट्टा सुरू. "आरसा काय भांग पाडायला दिलाय?" हे त्यांचं त्यातल्या त्यात प्रेमाचं वाक्य. शिकणारे रडवेले होऊन उतरायचे, पण परीक्षेत पास व्हायचे, त्यामुळे शाळा जोरात चालायची.

मधेच शिकणं सोडलं ते एकीनेच, आणि ती त्यांची सख्खी लेक. भर चौकात तिच्या हातून गाडी बंद पडली, मास्तर नको नको ते ओरडले, तशी तिने गाडी कडेला घेतली, किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि पायी घर गाठलं. त्याला वर्षं लोटली. बापलेकीत अबोला नव्हता. थट्टामस्करी, जेवणखाण सगळं रीतसर चालायचं, पण गाडीचा विषय निघाला की ती ताट घेऊन उठायची. जगाला गाडी शिकवली आणि घरची पोर बसथांब्यावर ताटकळते, हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं. बोलून मात्र दाखवत नसत.

पुढे डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा आकडा सांगितला आणि बायकोने मास्तरांना वाचनालयाच्या वरच्या खोलीत ध्यानाच्या वर्गाला धाडलं. मास्तर देवधर्मातले नव्हते. मंत्रबिंत्र पुटपुटायला लावले तर आल्या पावली परत, असं बजावूनच ते गेले. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कुरकुरता पंखा, आणि शिकवायला दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई.

"इथे देव नाही, मंत्र नाही," बाई म्हणाल्या. "ही वाट बुद्धांनी दाखवली, पण त्यांनी दाखवली म्हणून डोळे झाकून चालू नका. करून बघा. उपयोग झाला तर ठेवा."

"आणि पुढच्या जन्माचं काय?" मास्तरांनी खोचकपणे विचारलं.

"आधी या जन्मातलं ब्लडप्रेशर बघू."

मास्तरांना बाईंचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं.

रीत सोपी होती. श्वासाकडे लक्ष ठेवायचं, आणि मनात जे उठेल त्याचं मनातल्या मनात नाव घ्यायचं. राग आला, कंटाळा आला. त्याला हाकलायचं नाही, त्याच्यामागे धावायचंही नाही. पण मास्तरांना मनातल्या मनात काही करताच येत नसे. सारा जन्म "क्लच, गिअर, आरसा" असं खणखणीत बोलण्यात गेलेला. दुसऱ्याच दिवशी गाडी शिकायला येणाऱ्या बेकरीवाल्याने इंडिकेटर न देता वळण घेतलं, तेव्हा मास्तर धीरगंभीर आवाजात म्हणाले, "राग आला."

बेकरीवाला दचकला. "माझा?"

"तुमचा असं नाही. नुसता आला. आहे अजून... आहे... हां, चालला."

बेकरीवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि घरी कुणाला फोन करू का, असं हळूच विचारलं.

हे ऐकून डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या. "अहो, मनात म्हणायचं होतं ते!"

"मनातलं मला ऐकू येत नाही, बाई," मास्तर म्हणाले. शेवटी बाईंनीच हात टेकले. शिकणाऱ्यांना मात्र हे मानवलं. पूर्वी मास्तर कधी फुटतील याचा नेम नसे; आता निदान आधी वर्दी मिळायची.

लेक नर्स होती. तिला घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी मिळाली, पण लायसन्स हवं, तेही लगोलग. दुसऱ्या शाळांत जागा नव्हती. अडला हरी म्हणतात तशी ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"शिकेन, पण एका अटीवर. बाबा, तुम्ही सीटवर मांडी घालून बसायचं. पाय ब्रेकवर दिसला की मी उतरले."

गोदामामागच्या मोकळ्या मैदानात मास्तर मांडी घालून बसले. गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. हँडब्रेक हाताशी होता, माणूसकाणूस कुणी नव्हतं, तरी त्यांचा जीव टांगणीला लागला. लेक पुढे झकास गेली. मागे घेताना एक रिकामं पिंप जवळ यायला लागलं. मांडीखाली पाय वळवळला. मास्तरांनी तो तसाच दाबून धरला. पिंप आणखी जवळ आलं, आणि धाडकन आवाज झाला. मागचा दिवा फुटला.

लेकीने गाडी बंद केली. नजर समोर ठेवून ती पुढच्या आरडाओरड्याची वाट बघत बसली.

"राग..." मास्तरांनी सुरुवात केली आणि ते थबकले. नाव घ्यायचं तर खरं घ्यायला हवं. त्यांनी आत पाहिलं, तर राग औषधालाही नव्हता. छाती धडधडत होती, तळहात गार पडले होते.

"भीती आली," ते म्हणाले, आणि स्वतःच चकित झाले.

लेकीने मान वळवली. "भीती? तुम्हाला?"

"आहे अजून."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढले. "त्या दिवशी चौकात पण हीच होती का?"

"हीच," मास्तर म्हणाले. "मागून ट्रक येत होता. भरधाव. तुझ्या बाजूने."

"ट्रक? मला कुठे दिसला? मग सांगितलं का नाहीत, बाबा?"

मास्तरांनी खूप विचार केला.

"ओरडलो ना," ते म्हणाले.

लेकीचे डोळे भरून आले आणि त्याच दमात तिला हसूही फुटलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच राहिला. मग नाक पुसून तिने किल्ली फिरवली आणि गाडी पिंपापासून जरा पुढे काढली.

"परत मागे घेतेय," ती म्हणाली. "भीती वाटली तर सांगा."